पायाकडची शिवण

जोंगसन
१२ ऑक्टोबर १९८६

हान्बित गिर्यारोहण मंडळाच्या सर्व आजी-माजी सभासदांनो,

ज्यांनी ज्यांनी लष्कराने टाकून दिलेल्या कांबळ्यात वर्तमानपत्रं कोंबून बर्फावर रात्री काढल्या, त्या सगळ्यांना हे पत्र आहे.

काल वोन्जूला कॉलेजातल्या मंडळाच्या खोलीत गेलो आणि ती कांबळी उन्हात टाकली. झटकली, तर त्यातून वाळून चामडं झालेलं उंदराचं पिल्लू पडलं. वीस वर्षांची ओल, रॉकेल, कुणाची तरी ओकारी आणि आपल्या सगळ्यांचा घाम, असा वास सुटला की शेजारच्या टेनिसवाल्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मला किळस आली. पण कांबळ्यांची नाही आली. आली ती सोलमधल्या त्या काचेच्या दुकानांची, जिथे बदकाच्या लवेने भरलेल्या स्लीपिंग बॅगा सोनसाखळ्यांसारख्या टांगलेल्या असतात. त्या आपल्याच देशात शिवल्या जातात. शिवतात आपल्याच बहिणी. मग जहाजात बसून परदेशी जातात, आणि उरलेली एखादी काचेमागे लागते ती तीन महिन्यांच्या खानावळीच्या खर्चाएवढ्या किमतीला. खाणीत उतरणाऱ्या बापाच्या मुलाने ती बाहेरून बघायची, काचेवर वाफ धरू द्यायची, आणि येऊन उंदराच्या थडग्यात झोपायचं!

आठ जानेवारीला आपण सोराक डोंगराच्या हिवाळी मोहिमेवर निघतो आहोत. एकोणीस पोरं, सहा मुक्काम, उणे वीसच्या खाली. यंदा एकही कांबळं वर जाणार नाही. परवडेल अशी लवेची बॅग मी शोधून काढतो. मला महिनाभर द्या. तोपर्यंत कुणीही एकट्याने बाजारात जाऊन फसून येऊ नये.

तुमचा,
मेंग योंगहून
(इतिहास शिक्षक, आणि कधीकाळी मंडळाचा अध्यक्ष)


जोंगसन
१४ ऑक्टोबर

सुनोक ताई,

चुसोकच्या सणाला आजोबांच्या थडग्यावरचं गवत कापताना काकांनी विळा थांबवून सगळ्या भावकीला सांगितलं, "आमची सुनोक आता बॅगांच्या कारखान्यात तपासनीस झाली." काकू रडली. मी लगेच मनात म्हटलं, मेंग घराण्यात अखेर एक उपयोगी माणूस निघालं!

तर आता उपयोगी पड. एकोणीस पोरांसाठी लवेच्या बॅगा हव्यात. स्वस्त, पण उबदार. काय बघायचं, काय टाळायचं, सगळं लिही. तुमच्याकडे शिवणीत चूक झाली म्हणून परत आलेला माल असतो म्हणे, तो मिळेल का? मी लव आणि पिसं यांच्यातला फरकसुद्धा नीट जाणत नाही. मला रशियाची क्रांती विचार, बदकाची छाती विचारू नकोस.

योंगहून


बुप्योंग
२६ ऑक्टोबर

योंगहून,

तुझं पत्र वसतिगृहातल्या पोरींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुझा भाऊ पत्र लिहितो की मोर्चा काढतो?

ऐक. पिसाला मधून काडी असते. लवेला नसते. ती म्हाताऱ्या उडतात ना वाऱ्यावर, तशी असते, सगळ्या बाजूंनी पसरलेली. ऊब लवेत नसतेच मुळी. लव हवा धरून ठेवते, त्या हवेत असते. म्हणून बॅग जाड दिसते की नाही ते बघू नकोस. ती दाबून मूठभर कर, सोड, आणि किती वेळात फुगून वर येते ते बघ. हात फिरव. काड्या टोचल्या तर पिसं जास्त आहेत. जरा तोंडाची वाफ सोडून वास घे. नीट न धुतलेल्या बदकाचा वास ओल लागली की उठतो, आणि तो एकदा नाकात बसला की भात गोड लागत नाही. कप्पे अरुंद हवेत, नाहीतर लव एका बाजूला घसरते.

आणि सगळं बघशील ते पायाकडे बघ. मानेकडे नाही. एवढं एक विसरू नकोस.

परत आलेला माल आमच्याकडून बाहेर जात नाही. माझ्या नावाने इथे कुणाकडे चौकशी करू नकोस. पैसे कमी असतील तर दोन जाड गोधड्या एकात एक शिवून घ्या. माझा सल्ला विचारशील तर तोच. दिसायला वाईट, पण आतलं काय आहे ते आपल्याला माहीत असतं.

माझं बरं आहे. थोडा खोकला आहे.

सुनोक


जोंगसन
९ नोव्हेंबर

ताई,

गोधड्या तुझ्याकडेच ठेव. मिळाल्या!

आमच्या मंडळाचा सर्वांत जुना दादा म्हणजे प्यो जोंगराक. मी पहिल्या वर्षाला असताना त्याने मला दोराची गाठ शिकवली, आणि ओदे डोंगराच्या चढावर मी दमून बसलो तेव्हा माझी पाठपिशवी स्वतःच्या पिशवीवर चढवून घेतली. त्याचं आता सोलच्या बाजारात गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान आहे. माझं पत्रक वाचून तो स्वतः जोंगसनला आला. बॅग काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "दाब, मास्तर." मी दाबली. सोडली. वाफेवरच्या तांदळाच्या केकसारखी फुगून वर आली! किंमत काचेमागच्या बॅगेच्या एक तृतीयांश. म्हणाला, "माझ्याच धाकट्यांकडून नफा खाऊ का रे? माझं थोबाड कुठे लपवू मग?" यंदाच्या मोहिमेचा प्रमुखही तोच आहे. पोरांसाठी एकोणीस आणि माझी एक, अशा वीस बॅगा घेतल्या.

तू विचारशील, म्हणून आधीच सांगतो. हो, दाबली ती मानेकडेच. पायाकडची बाजू त्याने घडी करून दोरीने बांधली होती. सोडायला हात गेला होता माझा. पण ताई, मोठ्या भावाने ताटात वाढलेला भात कुणी चिवडून बघतं का? त्याच्यासमोर मी ती दोरी सोडली असती तर ती बॅगेची तपासणी नसती झाली, त्याची झाली असती.

खोकल्याला आलं आणि मध घे.

योंगहून


बुप्योंग
२३ नोव्हेंबर

योंगहून,

लेबल कोणतं आहे? पांढरा करकोचा आणि खाली निळी रेघ आहे का?

पायाच्या टोकाला मुठीएवढ्या जागी हाताने घातलेली शिवण असेल. बाकी सगळी मशिनची. आज बघ. आजच उत्तर टाक. भाषण नको, दोन ओळी पुरेत.

सुनोक


वोन्जू
९ डिसेंबर

आदरणीय योंगहून दादा,

मी पांग मिरान, मंडळाची यंदाची उपाध्यक्ष. तुमच्या शाळेत परीक्षा होत्या म्हणून तुम्ही शनिवारी ओदेच्या सराव-मुक्कामाला आला नाहीत. काय झालं ते तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. बॅगा तुम्ही निवडल्यात ना, म्हणून.

कुणीही झोपलं नाही. छाती गरम आणि गुडघ्यांपासून खाली कुणी बर्फाच्या पाण्यात उभं केलंय असं वाटत होतं. पहाटे श्वासाच्या वाफेने बॅगा ओलसर झाल्या आणि आतून जो वास सुटला तो मी लिहू शकत नाही. आमच्या गावी पुरात वाहून आलेली कोंबडी आठ दिवसांनी सापडली होती, तसा. दोन मुली तंबूबाहेर जाऊन ओकल्या.

सकाळी प्यो दादा रामेनच्या शेवयांचं पातेलं ढवळत होता. त्याची स्वतःची बॅग निराळी आहे, जुनी, परदेशी. त्याने विचारलं, "काय पोरांनो, भट्टीत झोपल्यासारखं वाटलं की नाही?"

सगळे ओरडले, "हो दादा!"

"थंडी वाजली का कुणाला? खरं बोला."

"नाही दादा! घाम आला!"

सर्वांत मोठ्याने बोंग गिछोल ओरडला. पहिल्या वर्षाचा आहे, जोंगसनचाच, खाणकामगाराचा मुलगा, तुमच्या शाळेतला जुना विद्यार्थी. त्याचे ओठ निळे होते. ओरडल्यावर त्याला चमचा धरता येईना. मीही ओरडले, दादा. तोंडातून आपोआप निघालं. मोठ्या माणसाने आपल्यासाठी आणलेली वस्तू, तिला नाव कसं ठेवणार?

मग प्यो दादाने जाहीर केलं की बॅगा एवढ्या उबदार आहेत तर सोराकला जादा कांबळी, शेगड्या काही न्यायचं नाही. ओझं कमी, चाल जलद.

गिछोलच्या डाव्या पायाची दोन बोटं आधी मेणबत्तीसारखी पांढरी झाली, आता काळी आहेत. तो दवाखान्यात आहे. घरी कळवू नका म्हणतो. प्यो दादाला तर मुळीच नको, म्हणे त्याला वाईट वाटेल.

आठ जानेवारी जवळ येते आहे. "आम्हाला थंडी वाजली," हे त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं ते मला शिकवा. मला खरंच येत नाही.

मिरान


जोंगसन
११ डिसेंबर

ताई,

तुझं तेवीस तारखेचं पत्र माझ्या खणात पडून होतं. उत्तर दिलं नाही, कारण राग आला होता. म्हटलं, बाई तपासनीस झाली आणि आता तिला देवळाच्या घंटेतही शिवण उसवलेली दिसते. काल मिरान नावाच्या मुलीचं पत्र आलं. ते सोबत पाठवतो आहे. वाच, मग पुढचं वाच.

पांढरा करकोचा. निळी रेघ. पायाकडे मुठीएवढी हाताची शिवण.

मी माझी बॅग शिक्षकांच्या खोलीत टेबलावर ठेवली आणि तपासायच्या वह्यांजवळची कात्री घेऊन ती शिवण उसवली. आतून राखाडी पीठ सांडलं. पिसांच्या काड्या दातकोरण्यांएवढ्या चिरलेल्या. गादीच्या स्पंजाचे तुकडे. केस, कुणाचे ते देव जाणे. वाळलेलं रक्त चिकटलेले कातडीचे पापुद्रे, विष्ठेचे गोळे, आणि एक नखी, ताई. बदकाची अख्खी नखी, खाली पिवळ्या चामडीसकट. भूगोलाच्या मास्तरांनी जेवणाचा डबा मिटला आणि उठून गेले. मी बोट घालून मानेपर्यंतचे कप्पे एकेक फाडत गेलो. वरचे तीन कप्पे स्वच्छ, पांढऱ्या लवेचे. बस, तीनच. जिथे गिऱ्हाईकाचा हात पडतो तेवढेच.

नाकात, दातांत ते पीठ गेलं आहे. तीनदा चूळ भरली. जात नाही. असलं हे माझ्या पोरांच्या पायांना गुंडाळायला मी दिलं!

आता तू सांग. तुला लेबल माहीत होतं. शिवण कुठे आहे ते माहीत होतं. तपासनीस असून तू हे कारखान्याबाहेर जाऊ दिलंस कसं? आणि मला सरळ का लिहिलं नाहीस? तुझ्या त्या दोन ओळींवर मी काय समजायचं होतं? गिछोलची बोटं कापावी लागणार, असं डॉक्टर म्हणतात.

योंगहून


बुप्योंग
१४ डिसेंबर

योंगहून,

मी तपासनीस नाही. कधीच नव्हते. बाबांना तसं सांगितलं होतं, कारण त्यांना चारचौघांत सांगायला काहीतरी हवं होतं.

एप्रिलपासून मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. तिथे भराई होते. जहाजाने जाणारा चांगला माल पुढच्या इमारतीत भरतात, तिथे पांढरे डगले असतात, तपासणी असते. मागे आम्ही सातजणी. कत्तलखान्यातून ओल्या पिसांची पोती येतात. एकदा धुतात, तेही नावाला. मग ती चिरायच्या मशिनमध्ये घालतात. पुढच्या इमारतीत झाडून काढलेला कचरासुद्धा त्यातच. आम्ही तोंडाला फडकं बांधतो, संध्याकाळी ते फडकं उकळलं तर पाण्यावर साय धरते. माझा खोकला त्याचाच आहे. आलं-मधाने जायचा नाही.

तुझा प्यो आम्हाला ओळखीचा आहे. बुटका, सोन्याचा दात, हसतो छान. सप्टेंबरात तो स्वतः शेडमध्ये उभा राहून मालकाला म्हणाला, "वरचे तीन कप्पे एक नंबर भरा. डोंगरवाले मानेकडे दाबतात. पाय कुणी बघत नाही." माझ्यासमोर म्हणाला. सुई माझ्या हातात होती. पायाकडची ती हाताची शिवण माझी आहे, योंगहून. तू कात्रीने उसवलेले टाके मी घातलेले असतील. नसतील तर माझ्या शेजारणीने.

का लिहिलं नाही विचारतोस. लाज वाटली. लिहिलं असतं तर बाबांना कळलं असतं. म्हणून मी आडून लिहिलं, पायाकडे बघ म्हणून, आणि मनाची समजूत घातली की आपण सांगितलं. ते सांगणं नव्हतं. नंतर तर लेबलसुद्धा विचारलं, तरी सरळ लिहायला हात धजला नाही. तुझ्या त्या मुलाच्या बोटांचं ओझं माझ्यावर आहे, ते मी कुणावर ढकलत नाही.

पण आता तुझंही ऐकून घे. तुला मी पायाकडे बघ म्हटलं होतं. तुझा हात दोरीवर गेला होता, हे तूच लिहिलंस. मागे घेतलास. का? तर दादाला वाईट वाटेल. एका माणसाची लाज राखायला तू एकोणीस पोरांचे पाय दिलेस. आणि त्या पोरांनी बर्फात ओरडून सांगितलं, घाम आला! हे त्यांना कुणी शिकवलं? वर्गात तू पोरांना राजांविरुद्धची बंडं शिकवतोस. तुझ्या मंडळात मात्र "हो दादा" शिकवलं जातं. माझा मालक काय, प्यो काय, चोरच आहेत ते. त्यांची मला किळस येते, तशी स्वतःच्या हातांचीही येते. पण त्या चोरांचं दुकान चालतं ते तुमच्या शिष्टाचारावर.

काल बाबांना पत्र टाकलं. सगळं लिहिलं. येत्या रविवारी मला सुट्टी आहे. तुला काही करायचं असेल तर मी सोलला बाजारात येते आणि कुणाहीसमोर सांगते की मी काय भरत होते. कामावरून काढतील. काढू देत.

सुनोक


जोंगसन
१६ डिसेंबर

मंडळाच्या सभासदांनो,

बोंग गिछोलच्या डाव्या पायाची दोन बोटं काल कापली. तो अठरा वर्षांचा आहे.

ती प्यो जोंगराकच्या बॅगेमुळे गेली, आणि बॅग माझ्यामुळे गिछोलकडे गेली. मला सांगितलेलं होतं की पायाकडे उघडून बघ. मी बघितलं नाही. मला दादाची भीड पडली. याहून सभ्य शब्द मला त्यासाठी वापरायचा नाही, आणि याहून जास्त माफी मागून मी तुमचा वेळ घेणार नाही. माझ्या चुलतबहिणीने, मेंग सुनोकने, त्या बॅगा भरल्या आहेत. आत काय भरलं ते ती नावासकट सांगायला तयार आहे. तिच्याकडे गमावण्यासारखं माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे, तरी ती माझ्याआधी उभी राहिली.

काल संध्याकाळी मी प्योला फोन केला. गिछोलचं सांगितलं. तो म्हणाला, "अरेरे! पोराने मोजे ओले ठेवले असतील. बॅगांचं म्हणशील तर एकोणीसच्या एकोणीस जणांनी माझ्यासमोर सांगितलं की घाम आला. तूच विचार त्यांना." मी म्हटलं, "दादा, मी आत हात घालून बघितलंय." तर हसला. म्हणाला, "मास्तर, मोहीम आठ तारखेलाच निघेल. आणि ऐक, आणखी दोन कॉलेजांची पोरं परवा येऊन मागणी नोंदवून गेली. तुमच्या मंडळाचं नाव सांगितलं, लगेच विश्वास बसला त्यांचा."

ऐकलंत? आपला "हो दादा" तो गल्ल्यावर चिकटवून माल विकतो आहे. आपण थंडीने थरथरत जे खोटं बोललो, ते त्याच्या बॅगेचं प्रमाणपत्र झालं आहे, आणि त्यावर आता आपण कधी पाहिलेली नाहीत अशी चाळीस-पन्नास पोरं बर्फात झोपायला जाणार आहेत. त्याने पाठीवर घेतलेली माझी पिशवी मला आठवते. ती खरीच होती. म्हणून मला जास्त किळस येते.

कुणी म्हणेल, या बॅगा गुपचूप जाळून टाकू, मोहिमेला जायचं नाही, विषय संपला. संपणार नाही. आपल्या मंडळात वस्तू मरत नाही. ज्याची त्याने धाकट्याला द्यायची, ही आपली रीत. कपाटात राहिलेली एक बॅग दोन वर्षांनी कुणाच्या तरी पायांवर जाणारच, आणि तो मुलगासुद्धा सकाळी हसून म्हणेल, घाम आला. जाळली, तर प्यो म्हणेल, पुरावा कुठे आहे?

आणि मिरानने मला विचारलं होतं, त्याच्या तोंडावर कसं बोलायचं. मिरान, मलाही येत नाही. पंधरा वर्षं मी सभा गाजवतो आणि एका सोन्याच्या दाताच्या माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून एकट्याने जायचं नाही. रविवारी बाजार माणसांनी भरलेला असतो. त्याच्या दुकानासमोर आपण रांगेने बसू, पायाकडची शिवण उसवू आणि आत जे आहे ते त्याच्या उंबऱ्यावर, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर ओतू. सुनोक ताई तिथे असेल. बोलायचं ते ती बोलेल, आणि तिच्यामागून आपल्याला जमेल तेवढं आपण.

गिछोलची बॅग आणि माझी फाडलेली मी आणतो. उरलेल्या अठरा तुम्ही घेऊन या. रविवार, एकवीस डिसेंबर, सकाळी सात वाजता, वोन्जू स्टेशनवर.

मेंग योंगहून